सरांच्या प्रबंधातली चूक

सरांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. कॉलेजात ते सगळ्यांना विषयानं ओळखत. भूगोल रजेवर आहेत, गणिताला ताप आलाय, इतिहासाच्या मुलीचं लग्न जमलं, असं त्यांचं बोलणं असे. मी नगरच्या त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, त्या दिवसापासून मी ‘इंग्रजी’ झाले. पहिल्याच आठवड्यात ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, “इंग्रजी, तुम्ही कुठल्या?” मी पाथर्डीची म्हटल्यावर त्यांनी तिथल्या डोंगराकडेच्या तीन गवतांची नावं घेतली आणि ती अजून आहेत का, असं विचारलं. मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. “असतील,” मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्यामुळंच ती गवतं गेली की काय.

ते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि त्यांना गवताशिवाय दुसऱ्या कशात मनापासून रस नव्हता. वर्गात एखादा विद्यार्थी ‘तिथं गवत होतं’ असं म्हणाला, की ते थांबत. “त्याला नाव नाही का? तुला आहे ना?” मग तो विद्यार्थी नाव शोधून आणेपर्यंत त्याची हजेरी लागत नसे.

दर शनिवारी ते माळावर जात. जाताना कॅनव्हासच्या बुटांवरून, म्हणजे अगदी बुटांच्या वरून, गुडघ्यापर्यंत येणारे जाड लोकरी मोजे चढवत. दिवसभर माळ तुडवून आले की मोज्यांना कुसळं, काटे, बारीक बिया चिकटलेल्या असत. सोमवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते चिमट्यानं एकेक बी काढत आणि डिंकानं वहीत चिकटवत. शेजारी गावाचं नाव आणि तारीख. अशा वह्यांनी दोन कपाटं भरली होती. ते मोजे सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, विणायच्या. आपण आयुष्यात नवऱ्याच्या बुटांखेरीज दुसऱ्या कुणासाठी काही विणलं नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, पण सांगताना त्यांच्या हातात सुया असायच्याच.

फोनवर त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. ते फोन उचलून “ऐकतोय” म्हणत आणि खरोखरच ऐकत राहत. हं नाही, हो नाही. पलीकडचा माणूस दोनतीनदा ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देई. मग सर म्हणत, “त्याचं बोलणं संपलं वाटतं.”

विभागाच्या मागं त्यांनी गवताचा एक तुकडा राखला होता, साधारण दोन वर्गखोल्यांएवढा. एकदा बाहेरून तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी तिथं हिरवळ लावून गुलाबाच्या कुंड्या मांडायचं ठरवलं. माणसं विळे घेऊन आली तेव्हा सर त्या गवताच्या मधोमध खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत बसले होते. ते भांडले नाहीत. नुसते बसून राहिले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी समिती आली. त्यातल्या एका बाईंनी खुर्चीकडं जाऊन हे काय, म्हणून विचारलं आणि पुढचा तास समिती त्या गवतातच उभी होती. प्राचार्यांनी मागवलेले गुलाब शेवटी वसतिगृहाच्या दारात गेले.

या सगळ्यामुळं सर विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होते आणि लोक त्यांना हसून सोडून देत. मीही तेच केलं असतं. पण त्या वर्षी दिल्लीहून एक कागद आला.

मंत्रालयाचं परिपत्रक होतं. हवामानबदलाविषयी जगभरच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं गोळा करून सरकारांपुढं ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आधीपासून होती. तशीच एक संस्था जीवसृष्टीसाठी, म्हणजे रानं, पाणी, प्राणी, वनस्पती यांच्यासाठी उभी करायचं चाललं होतं. ती कशी असावी, कुणाचं ऐकावं, काय तपासावं, याचा मसुदा तयार झाला होता आणि त्यावर अभिप्राय मागवले होते. आमच्या कार्यालयातल्या क्लार्कनं त्यावर ‘वनस्पतिशास्त्र विभाग, माहितीसाठी’ असं लिहून तो पाठवून दिला होता. अशा कागदांना कुणी उत्तर देत नाही, फाईलला लावतात.

सर तो कागद घेऊन माझ्याकडं आले. “इंग्रजी, हे मराठीत सांगता येईल का?” मी म्हटलं, भाषांतर करून देते. ते म्हणाले, “मला नको. मला वाचता येतं. कर्जत तालुक्यात एक बाई आहेत, त्यांना समजेल असं सांगायचंय. रविवारी मोकळ्या आहात का?”

मी मोकळी होते. एसटीनं कर्जतपर्यंत आणि तिथून जीपनं आम्ही एका लहान गावी गेलो. गावाबाहेर मैल दीड मैल माळ पसरलेला. त्याच्या बऱ्याच भागाभोवती तारेचं जुनं कुंपण होतं, काही ठिकाणी खांब वाकलेले. कुंपणाबाहेर एका लिंबाखाली पाचसहा माणसं बसली होती. त्यात हौसाबाई होत्या. साठीच्या पुढच्या, उंच, काटक, हातात काठी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात मेंढ्या. सर त्यांना ‘बाई’ म्हणत आणि त्या सरांना ‘मास्तर’.

मी मसुदा सांगायला लागले. ‘परिसंस्थांच्या सेवा’ असा शब्द आला. मी म्हटलं, म्हणजे रान माणसाला काय काय देतं ते. गवत, पाणी, सरपण, औषध, सावली. हौसाबाईंनी विचारलं, “आन माणूस रानाला काय देतं, ते न्हाई लिहिलं?” मी पानं उलटून पाहिली. नव्हतं लिहिलेलं. सरांनी वहीत नोंद केली.

पुढं एक मोठं कलम होतं, ‘ज्ञानातील उणिवा’ शोधण्याचं. मी सांगितलं की, ज्या गोष्टी अजून कुणालाच माहीत नाहीत त्यांची ही संस्था यादी करणार आहे, मग शास्त्रज्ञ त्यावर काम करतील. उदाहरण म्हणून कोरड्या प्रदेशातल्या गवताचं दिलं होतं. ते चराईनं सुधारतं की बिघडतं, याची पुरेशी माहिती नाही, असं.

हौसाबाई काही वेळ काठीनं माती उकरत होत्या. मग म्हणाल्या, “उणीव कुणाला?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजी कुणाला म्हाईत न्हाई? आमाला हाय की म्हाईत.”

बाकीची माणसं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि कुंपणापलीकडं बघत बसले. मला वाटलं, ते विचार करताहेत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत.

अभिप्राय पंधरा पानांचा झाला. मी तो टाईप केला. पहिलाच मुद्दा होता: ज्ञानात उणीव आहे असं म्हणण्याआधी, त्या जागेवर राहणाऱ्यांना विचारलेलं असावं. पाठवून दिला आणि मी विसरून गेले. दोन महिन्यांनी दिल्लीहून एका अधिकारी बाईंचा फोन आला. सर “ऐकतोय” म्हणाले आणि ऐकत राहिले. त्या बाई चिवट असाव्यात. त्या तशाच बोलत राहिल्या आणि शेवटी सरांना उत्तर द्यावं लागलं. असं पहिल्यांदाच घडलं असेल. त्यांना आधी दिल्लीच्या बैठकीला बोलावलं आणि पुढं शास्त्रज्ञांच्या एका संघटनेनं त्यांना निरीक्षक म्हणून परदेशी, जिथं ती संस्था प्रत्यक्ष स्थापन व्हायची होती त्या सभेला पाठवायचं ठरवलं.

निरीक्षकाला मत नसतं. सगळ्या देशांचे प्रतिनिधी बोलून झाल्यावर वेळ उरला तर त्याला दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांची तयारी आम्ही महिनाभर केली. रोज चारच्या सुट्टीनंतर ते माझ्यासमोर उभे राहून वाचत आणि मी घड्याळ बघे. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली. त्यात गवतांची लॅटिन नावं होती, कोष्टकं होती, आलेख तोंडी वर्णन केलेले होते. त्यांनी रोज थोडं थोडं कापलं. चार मिनिटांवर येऊन गाडी अडली. मी म्हटलं, सर, सगळंच थोडं थोडं ठेवण्यापेक्षा एकच गोष्ट सांगा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात कागद घेतला नव्हता. ते खुर्चीत बसले, उभे राहिले नाहीत. म्हणाले, “इंग्रजी, एकच गोष्ट आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही. काकूंनासुद्धा.”

मग त्यांनी सांगितलं. पंचविसेक वर्षांपूर्वी ते पीएचडी करत होते. हौसाबाईंच्या गावच्या त्याच माळाच्या एका कोपऱ्याला त्यांनी कुंपण घातलं आणि आत मेंढ्या येऊ दिल्या नाहीत. तीन वर्षं आतलं आणि बाहेरचं गवत मोजलं. आतलं गवत कमरेएवढं झालं, बाहेरचं खुरटं राहिलं. प्रबंध झाला: चराई बंद केली की माळ सुधारतो. विद्यापीठात कौतुक झालं. थोड्याच दिवसांत एक सरकारी योजना आली आणि त्या प्रबंधाचा हवाला देऊन जवळजवळ अख्खा माळ बंद झाला. मेंढ्या आत दिसल्या की कोंडवाड्यात. हौसाबाईंचं कुटुंब मेंढ्या घेऊन दर वर्षी आठ महिने लांब मराठवाड्याकडं जायला लागलं. त्यांच्या थोरल्या मुलाची शाळा चौथीत सुटली.

“पुढं काय झालं?” मी विचारलं.

“सातव्या वर्षी आतलं गवत मरायला लागलं. जुनं वाळकं गवत तसंच साठून नव्या कोंबाला ऊन मिळेना. पवन्या गेला, मारवेल गेला. नुसती कुसळं उरली. मेंढरांच्या खुरांनी बी मातीत रुतायचं, ते बंद झालं होतं. कुंपण घालत होतो त्या पहिल्या दिवशी बाई तिथं उभ्या होत्या. मला म्हणाल्या होत्या, तीन वर्सं चांगलं दिसंल, मग मरंल. हे मी ऐकलं होतं, इंग्रजी. वहीत लिहूनही घेतलं होतं. प्रबंधात घातलं नाही.”

“का?”

“संदर्भ काय देणार? कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि गवत चांगलं दिसत होतं.” मग म्हणाले, “त्याच्यावर मी डॉक्टर झालो. पुढं विभागप्रमुख झालो. दर शनिवारी जातो तिथं. अजून सांगायला तोंड उघडलेलं नाही.”

मी घड्याळाकडं पाहिलं. सवयच लागली होती. दोन मिनिटांपेक्षा थोडंच जास्त झालं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग हेच इंग्रजीत करून द्या. सजवू नका.”

मी सजवलं नाही. जाताना काकूंनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, भाकरीचा चुरा आणि मोज्यांचे तीन जोड घातले. परदेशी माळ असतात का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. असतील तर हवेत, म्हणाल्या.

तिथं काय झालं ते मला दोघांकडून कळलं. एक सर, पण ते कमी सांगत. दुसऱ्या दिल्लीच्या अधिकारी बाई. त्यांनी पुढं मला लांबलचक ईमेल लिहिली. सभा आठवडाभर चालली. नवी संस्था सरकारांची असावी की शास्त्रज्ञांची, तिचं कार्यालय कुठं असावं, मतदान कसं व्हावं, यावर देश एकमेकांशी झगडत होते. ज्या शब्दावर एकमत होत नाही तो शब्द मसुद्यात चौकटी कंसात टाकतात. शेवटच्या दोन दिवसांत पानंच्या पानं कंसात होती. सर रोज मागच्या रांगेत बसून ऐकत. सकाळी सभेआधी ते शहरातल्या एका मोकळ्या मैदानात मोजे चढवून फिरून येत आणि तिथल्या पहारेकऱ्यानं एकदा त्यांना अडवून चौकशीही केली. दुसऱ्या दिवसापासून तोच पहारेकरी त्यांना कुठं जास्त बिया आहेत ते दाखवायला लागला.

सरांची दोन मिनिटं चौथ्या दिवशी, जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर आली. निम्मे लोक उठायच्या तयारीत होते. सरांनी सुरुवात केली की, माझ्या प्रबंधात एक चूक आहे आणि त्या चुकीमुळं एका मुलाची शाळा सुटली. अधिकारी बाईंनी लिहिलं होतं की, उठलेले लोक खाली बसले. अशा सभेत कुणी आपल्या चुकीविषयी बोलत नाही, दुसऱ्यांच्या चुकांविषयी बोलतात. सरांनी सगळं सांगितलं. हौसाबाई काय म्हणाल्या, ते आपण वहीत लिहून घेऊन प्रबंधातून कसं गाळलं, ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “ती माहिती होती. मी ती ऐकली नाही असंही नाही, ऐकूनसुद्धा मोजली नाही. तुमची संस्था माझ्यासारखी होऊ नये.” वेळ संपल्याचा दिवा लागायच्या आत ते बसले.

जेवताना तीन देशांचे प्रतिनिधी त्यांना शोधत आले. आफ्रिकेतल्या एका कोरड्या देशाचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडंही असाच माळ आहे, असंच कुंपण आहे. त्यांनी संध्याकाळी सरांच्या अभिप्रायातलं पहिलं वाक्य आपल्या देशाच्या नावानं मांडलं. वाक्य कंसात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यातला ‘विचारलेले असावे’ हा भाग कुणाला तरी फार बांधून घालणारा वाटला. शेवटी संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या तत्त्वांमध्ये त्या वाक्यातून उरलं ते असं की, स्थानिक लोकांच्या ज्ञानाची दखल घ्यावी आणि त्याचा आदर राखावा.

सर परत आले ते कंस घेऊन. स्टाफरूममध्ये चहा की कॉफी असा प्रश्न आला की ते “सध्या कंसात ठेवा” म्हणत. काकूंनी तो शब्द उचलला आणि तो त्यांच्यावरच वापरायला सुरुवात केली. मोज्यांच्या बिया स्वयंपाकघरात सापडल्या की त्या दिवशी जेवण कंसात असे.

पण महत्त्वाचं काम राहिलं होतं. एका रविवारी ते मला म्हणाले, “चला, बाईंना सांगायचंय.” या वेळी भाषांतराची गरज नव्हती, तरी त्यांना सोबत हवी होती.

हौसाबाई नुकत्याच मराठवाड्यातून मेंढ्या घेऊन परतल्या होत्या. लिंबाखाली त्यांची सून चहा करत होती. सरांनी आधी सभेचं सांगितलं. वाक्य काय होतं, शेवटी काय झालं. हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आदर तर देवाचा बी करत्यात. पर पेरायचं कवा, ते देवाला कुनी इचारत न्हाई.” सरांनी ते लिहून घेतलं नाही. वही पिशवीतच होती. मग त्यांनी प्रबंधाचं सांगितलं. कुंपण कुणाच्या लिहिण्यावरून आलं, हे. हे सांगताना ते सारखे चष्मा पुसत होते. मुलाच्या शाळेचंही बोलले.

हौसाबाईंनी कपातला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

“मला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“तार ठोकायला आल्याला सायेब बोलला हुता. नगरच्या मास्तरानं लिवलंय म्हनं.”

“मग तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत.”

“बोलनार हुते. लई राग हुता मला. सातव्या वर्साला आमी परत आलो तवा आत गवत मेलं हुतं. तुमी कुंपनापाशी बसून हुता, सकाळपास्नं. मी दोन टायमाला बगितलं, तुमी तितंच. दुपारचं जेवला बी न्हाईत. म्हनलं, ह्याला आता आनि काय बोलायचं.” आणि सुनेला म्हणाल्या, “मास्तरला दुसरा च्या दे, गार झाला त्यांचा.”

सरांनी तो दुसरा चहा दोन्ही हातांनी धरून प्यायला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. परतीच्या जीपमध्ये ते सगळा वेळ बोलत होते. रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक गवताचं नाव त्यांनी मला सांगितलं आणि त्यातली तीन माझ्या पाथर्डीची निघाली.

पुढचं काम कागदांचं होतं आणि ते त्यांनी चिकाटीनं केलं. प्रबंधात चूक आहे असा लेख स्वतःच लिहून छापायला दिला. ज्या नियतकालिकाकडं पाठवला त्यांना आधी ही कुणा शत्रूनं केलेली थट्टा वाटली आणि त्यांनी खात्री करायला फोन केला. सरांनी “ऐकतोय” म्हणून सगळं ऐकलं. छापून आलेल्या लेखात हौसाबाईंचं नाव सहलेखिका म्हणून होतं. तो लेख जोडून त्यांनी कुंपण घालणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन वर्षं लागली. मधल्या काळात ते निवृत्त झाले, कपाटातल्या वह्या घरी आल्या आणि काकूंनी पाहुण्यांची खोली त्यांना देऊन टाकली. मग एक तरुण अधिकारी बदलून आला. त्यानं लेख वाचला होता. तो स्वतः गावी आला, ग्रामसभा भरली, आणि माळाचे चार भाग करून ते आळीपाळीनं चरायला सोडायचे, असा ठराव झाला. कुठला भाग कधी सोडायचा हे हौसाबाईंनी ठरवायचं, असंही त्यात लिहिलं. गावाच्या जैवविविधतेच्या नोंदवहीत पहिली सोळा पानं त्यांनी सांगितलेली आहेत. मी ती उतरवून घेतली.

कुटुंब आता मराठवाड्यात जात नाही. थोरल्या मुलाची शाळा काही परत सुरू झाली नाही, पण त्याची मुलगी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. माझ्या वर्गात बसते. तिचं इंग्रजी बेताचं आहे, प्रश्न मात्र फार विचारते.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. त्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं गवताळ प्रदेशांवर एक अहवाल करायला घेतला होता आणि त्यासाठी दोन अभ्यासक गावी आले. एक दिल्लीचे, एक परदेशी बाई. माळाच्या तिसऱ्या भागात त्या दिवशी मेंढ्या सोडायच्या होत्या. ते त्यांना बघायचं होतं. तारीख कार्यालयात ठरली होती. अधिकारी जीप घेऊन आले, सरपंच आले. सर आता सत्तरीच्या पुढं आहेत, पण ते काठी घेऊन, बुटांवर मोजे चढवून हजर होते. मी दुभाषी म्हणून गेले होते. मेंढ्या फाटकाशी गोळा झालेल्या, फाटक अजून बंद.

हौसाबाई फाटकाशेजारच्या फटीतून आत गेल्या. वाकून गवताचा एक झुपका हातात घेतला, तळव्यावर चोळला, पाहिला. दुसरीकडं जाऊन पुन्हा तसंच केलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “आज न्हाई.”

अधिकाऱ्यांनी हळू आवाजात सांगितलं की, पाहुणे फार लांबून आलेत.

“ते खरं. पर बी अजून देठाला हाय. आत्ता मेंढरं घातली तर बी पोटात जाईल, मातीत न्हाई. आठ दिस जाऊ द्या.”

मी त्या परदेशी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, आठच दिवस हे यांना कसं कळलं? मी तो प्रश्न मराठीत सांगितला. हौसाबाईंनी त्या बाईंचा हात धरून आत नेलं, तळव्यावर गवताची काडी ठेवली आणि चोळायला सांगितली. बाईंनी चोळली. बी सुटलं नाही. हौसाबाईंनी कडेची उन्हात लवकर पिकलेली दुसरी काडी दिली. ती चोळली तर तळवा बियांनी भरला. परदेशी बाई बराच वेळ दोन्ही काड्या निरखत उभ्या होत्या. मग त्यांनी वही काढली, हौसाबाईंचं पूर्ण नाव विचारलं, आणि ते नीट लिहिलं गेलं की नाही हे मला दोनदा दाखवलं.

सर बाभळीखाली उभे होते. त्यांच्या हातातही एक काडी होती. मी जवळ गेले तेव्हा ते खाली वाकून म्हणाले, “इंग्रजी, मला वाटलं होतं, बी पडलं असेल. मी आजच सोडल्या असत्या.” आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना काठी दुसऱ्या हातात घ्यावी लागली.

तोवर दिल्लीचे अभ्यासक फोनवर आपली तिकिटं बदलून घेत होते. अधिकाऱ्यांनी जीप वळवली. फाटक उघडलं नाही. हौसाबाईंनी मेंढ्यांना हाळी दिली आणि त्या कळप घेऊन चौथ्या भागाच्या कडेनं ओढ्याकडं निघून गेल्या.

आठ दिवसांनी आम्ही सगळे पुन्हा गेलो.